सरांचा एच-इंडेक्स ३ : गौरवग्रंथात छापावा का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं : सोलापूरच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले त्यांचे राज्यशास्त्राचे सर पुढच्या वर्षी पंच्याहत्तरीत प्रवेश करतायत. विद्यार्थी मिळून गौरवग्रंथ काढतायत. 'सरांचे संशोधनकार्य' हा लेख यांच्या वाट्याला आला आहे. हौसेने त्यांनी सरांच्या नावाने गुगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची गुगलची सेवा) प्रोफाइल उघडलं, तर एकूण सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखनातले उल्लेख, ६५ आणि एच-इंडेक्स ३ निघाला. संपादक मंडळातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा १९ आहे, आणि त्यांनी बैठकीत सहज म्हटलं, "मग हा आकडा गाळलेला बरा." यांचा प्रश्न : आकडा छापावा की गाळावा, आणि सरांचा प्रभाव दाखवायचा तरी कसा?

नमस्कार. मी सोलापुरातच एकतीस वर्षं महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. शेवटची दहा-बारा वर्षं नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलींसाठी प्राध्यापकांच्या सायटेशनचे तक्ते करण्यात गेली, त्यामुळे हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. आकडा छापा. पण आज तुमच्या हातात आहे ती अर्धी मोजणी आहे. उरलेली अर्धी यंत्र करून देणार नाही, ती तुम्हालाच बसून करावी लागेल.

तुम्ही पाठवलेली यादी बघितली. पाच मराठी पुस्तकं, चौतीस लेख, त्यातले इंग्रजी फक्त सात. आणि गुगल स्कॉलरवर सायटेशन दिसतात ती बरोबर त्या सात इंग्रजी लेखांची : ४१, १२, ५, ३, २, १, १. म्हणजे सरांच्या चाळीस वर्षांच्या लिखाणातल्या सात लेखांचा निकाल लागलाय आणि बत्तीस गोष्टी परीक्षेलाच बसलेल्या नाहीत.

आता ३ आला कसा ते पाहा. जितक्या लेखांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन आहेत, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेखाला ५ सायटेशन आहेत, तिनापेक्षा कमी नाहीत, म्हणून ३ मिळाला. चौथ्याला चार हवी होती, आहेत तीन, म्हणून गाडी तिथे थांबली. उद्या कुणी त्या चौथ्या लेखाचा एकदा उल्लेख केला की इंडेक्स ४ होईल. तुमच्या गौरवग्रंथातल्या एखाद्या लेखाने केला आणि तो गुगलला दिसला, तरी होईल! उलट पहिल्या लेखाची ४१ सायटेशन उद्या ४०० झाली, तरी इंडेक्स तीनचा तीनच राहील. ज्या मापाला एका तळटीपेने धक्का लागतो आणि साडेतीनशे सायटेशननी लागत नाही, त्याच्यावरून माणसाची उंची ठरवताना जरा थांबावं.

हे माप २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं, आणि ते भौतिकशास्त्रज्ञांना समोर ठेवूनच. तिथे लेख लहान, लेखक अनेक, आणि नवा लेख जुन्या लेखाच्या खांद्यावर वर्ष-दोन वर्षांत उभा राहतो. रसायनशास्त्रातही थोडंफार तसंच. तुमच्या त्या सहकाऱ्यांचा १९ खरा आहे, मेहनतीचा आहे, त्यात खोट नाही. पण राज्यशास्त्रात माणूस एकटा लिहितो, सावकाश लिहितो, आणि पुष्कळदा लेखाऐवजी पुस्तक लिहितो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली ती पहिली स्त्री). सामाईक पाणी, कुरणं, मासेमारी लोक स्वतःच कसं सांभाळतात यावरचं त्यांचं १९९० चं एक पुस्तक जगभर हजारो वेळा उद्धृत झालंय. एच-इंडेक्सच्या हिशेबात त्या अख्ख्या पुस्तकाची किंमत एक. म्हणून रसायनाशी तुलना नकोच. करायचीच असेल तर सरांच्याच पिढीतल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या, मुख्यतः मराठीत लिहिणाऱ्या राज्यशास्त्राच्या चार प्राध्यापकांशी करा. बहुतेकांचं गुगल स्कॉलरवर प्रोफाइलच सापडणार नाही.

इथे एक गोष्ट कबूल करतो. पुढे जे सांगणार आहे त्यातून सरांचा आकडा फुगून बाहेर येईल असं मी म्हणत नाही. सरांनी कशावर लिहिलं, ते छापून कुठे आलं, त्या मासिकांचे अंक आज कुठल्या ग्रंथालयात मिळतात, आणि सर मार्गदर्शक होते की नव्हते, यावर सगळं अवलंबून आहे. एका प्राध्यापकांसाठी मी दोन महिने घालवले आणि हाताला अकरा उल्लेख लागले. दुसऱ्या एकांसाठी पंधरा दिवसांत शंभराच्या पुढे गेलो.

आता मुख्य अडचणीकडे येतो : मराठी संदर्भ यंत्राला दिसत का नाहीत. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या जागतिक सेवांच्या याद्यांत मराठी नियतकालिकं जवळपास नाहीतच, तो विषय तिथेच मिटला. गुगल स्कॉलर उदार आहे, इंटरनेटवर जे सापडेल ते उचलतं. पण उचलायला आधी वाचता यायला हवं. आपल्याकडचे दोन हजार दहापर्यंतचे, पुष्कळदा त्यानंतरचेही, मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर तुम्हाला छान 'विडी कामगार' दिसतं, पण ते कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा नुसता भुगा पडेल. यंत्राला तो भुगाच दिसतो. त्याहून जुने प्रबंध तर सरळ स्कॅन केलेली चित्रं. सरांचं नाव त्यात पन्नास वेळा असलं तरी शोधून एकदाही सापडायचं नाही.

आणि नाव तरी एक कुठे असतं? संदर्भसूचीत कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नंतर. कुणी पूर्ण नाव, कुणी नुसती आद्याक्षरं, कुणी 'प्रा.' लावून. इंग्रजीत एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं. गावाचं नाव जुन्या इंग्रजी मजकुरात 'शोलापूर'. विडीचं कुणी 'बीडी' करतं, कुणी 'बिडी'. (बायकांच्या बाबतीत लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव ही आणखी एक फाळणी. एका मॅडमचं निम्मं संशोधन मला अशाच दुसऱ्या आडनावाखाली सापडलं होतं, आणि त्या स्वतः ते विसरल्या होत्या.) म्हणून पहिलं काम : सरांच्या नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहा, आणि प्रोफाइलमध्ये त्या प्रत्येक रूपाने शोधून राहिलेले लेख जोडा. एकच लेख दोनदा आला असेल तर एकत्र करा. दुसऱ्या कुणा त्याच नावाच्या माणसाचे लेख घुसले असतील तर काढून टाका. एवढ्यानेच ६५ चे किती होतात ते पाहा. बहुधा थोडे वाढतील. कमी झाले तर कमी छापा.

मग शोधगंगेवर जा. इन्फ्लिबनेटचा हा प्रबंधसाठा तुम्ही वापरला असेलच, पण बहुतेक जण शोधाच्या चौकटीत नाव टाकतात, काही मिळालं नाही की उठतात. तसं करू नका. विषयावरून जा : सोलापूर, पंढरपूर, अकलूज, साखर कारखाने, विडी कामगार, गिरण्या, नगरपालिका, राखीव मतदारसंघ. आणि विद्यापीठ दोन्हीकडे बघा. सोलापूरचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी आपली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे सरांच्या उमेदीच्या काळातले प्रबंध तिकडे. २०१९ पासून आपल्या विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं, तेव्हा जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी शोधा. प्रबंध सापडला की सगळा उतरवून घ्यायची गरज नाही. तिथे प्रकरणागणिक वेगळ्या फायली असतात, संदर्भसूची बहुधा शेवटच्या फायलीत. ती उघडा, डोळ्यांनी वाचा, सरांचं नाव दिसलं तर मगच प्रकरणांकडे वळा. दोन विद्यार्थी बसवले तर दिवसाला पंधरा-वीस प्रबंध सहज होतात.

सापडलेलं सगळंच मात्र मोजू नका. मघाशी ज्यांचे शंभराच्या पुढे गेले म्हणालो, त्या प्राध्यापकांच्या एका पुस्तकाचं प्रकाशनवर्ष १९७८. माझ्या लक्षात आलं की अकरा प्रबंधांत ते १९८७ छापलंय. पहिल्याने टाइप करताना आकडे उलटे केले, उरलेल्या दहांनी त्याची संदर्भसूची जशीच्या तशी उचलली. पुस्तक उघडलं असतं तर चूक पहिल्या पानावरच कळली असती! अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००३ साली नेमक्या याच युक्तीने, म्हणजे चुकीच्या छापील तपशिलांचा माग काढून, उद्धृत करणाऱ्यांपैकी सुमारे पाचातल्या एकानेच मूळ लेख वाचला असावा असा अंदाज मांडला होता. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, निदान हे फक्त आपल्याकडचं नाही.

तेव्हा प्रत्येक उल्लेखापुढे एक शब्द लिहीत जा. नुसता सूचीत आहे? 'सूची'. 'अमुक आणि इतरांनीही यावर लिहिले आहे' अशा लांबलचक रांगेत उभा आहे? 'रांग'. सरांनी गोळा केलेली माहिती किंवा आकडे घेतलेत? 'माहिती'. आणि सरांचं म्हणणं घेऊन त्यावर पुढे काही बांधलंय, किंवा ते खोडलंय? त्याला मी 'वाद' म्हणतो, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत मोलाचा. माझ्या अनुभवात शंभरातले साठ-सत्तर सूची आणि रांगेत जातात. खरे 'वाद' दहाबारा निघाले तरी खूप झाले. ते दहाबारा उतारे मात्र प्रकरण आणि पान क्रमांकासह उतरवून घ्या. तुमचा लेख त्यांच्यावरच उभा राहील. कुणाला पंढरपूरच्या तरुण संशोधकाने सरांचं निरीक्षण खोडून काढलेलं सापडलं तर तेही घाला, सरांना ते जास्त आवडेल. निदान माझ्या ओळखीच्या चांगल्या शिक्षकांना तरी आवडायचं.

तुम्ही लिहिलंय की सरांचं सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवरचं छोटं पुस्तक आता मिळत नाही, पण दर १२ जानेवारीला त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवरच्या वर्तमानपत्री पुरवण्यांत त्यातली वाक्यं त्यांच्या नावाशिवाय छापून येतात. यावर तुम्ही चिडलेले दिसता. चिडणं बरोबर आहे, पण ही प्रभावाचीच एक जात आहे. १९६४ साली रजनी कोठारींनी भारतातल्या काँग्रेसच्या वर्चस्वाचं 'काँग्रेस व्यवस्था' म्हणून विवेचन केलं. आज बी.ए.च्या उत्तरपत्रिकेत ही संज्ञा असते, आणि लिहिणाऱ्या पोराला ती कुणाची ते ठाऊक नसतं. कल्पना रुळली की नाव गळून पडतं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नावसुद्धा देऊन ठेवलंय. तुमच्या सरांची तुलना कोठारींशी करा असं नाही म्हणत, गौरवग्रंथातला तोच मोठा धोका. पण १९३० च्या मार्शल लॉमध्ये पेठांत काय घडलं, हे आज गाव ज्या क्रमाने सांगतं तो क्रम सरांनी लावलेला असेल, तर पुरवण्यांतले तीन-चार उतारे आणि पुस्तकातली मूळ वाक्यं शेजारी-शेजारी छापा. शेरा लिहायचीही गरज नाही.

ग्रंथपालाचा एक जुना पुरावाही सुचवतो. ज्या महाविद्यालयांत सरांची पुस्तकं आहेत तिथे जा आणि मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. आता सगळं संगणकावर गेलं, पण जुन्या प्रतींत ती असते. माझ्या ग्रंथालयात सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांवरचं एक पातळसं पुस्तक होतं. त्याची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली होती, आणि तिसऱ्या प्रतीची पानं परीक्षेच्या आधी कुणीतरी ब्लेडने कापून नेली होती. पान कापणाऱ्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण वाचकसंख्येचा याहून भक्कम दाखला माझ्याकडे दुसरा नाही.

एक नाजूक विषय राहिला. सरांच्या चौतीस लेखांपैकी नऊ २०११ ते २०१४ मधले, आणि बहुतेक परिषदांच्या स्मरणिकांतले. ही तारीख बोलकी आहे. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी एपीआय गुण, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाचे गुण, आले, आणि बढतीसाठी लेख मोजायला सुरुवात झाली. त्या काळात नोंदणी शुल्क भरलं की लेख छापून मिळायचा. मग मुखपृष्ठावरच 'इम्पॅक्ट फॅक्टर ६.८' छापणारी मासिकं आली. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, ही युजीन गारफिल्ड यांची कल्पना. कुठली नियतकालिकं घ्यावीत याचा अंदाज ग्रंथपालांनाही त्यातून येई. तो नियतकालिकाचा असतो, लेखाचा नाही आणि माणसाचा तर मुळीच नाही. पण आमच्याकडे प्राध्यापक स्वतःचा इम्पॅक्ट फॅक्टर सांगायला लागले. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने मान्य नियतकालिकांच्या आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात वगळली, पुढे 'केअर' नावाची नवी यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. असल्या मासिकांची प्रमाणपत्रं मीही कितीतरी फायलींना टाचली आहेत, न बघता. त्याची लाज वाटते, पण तेव्हा मार्चअखेर असायची आणि फाइल जायची असायची.

तर या नऊ लेखांचं काय? लपवू नका, मिरवू नका. एकूण यादीत वर्षानुसार येऊ द्या, पण 'चौतीस शोधनिबंध' असा ढोल वाजवू नका. त्या नऊंपैकी एखाददुसऱ्यात खरं काम असेल. सरांनाच विचारा, ते सांगतील. न विचारता तुम्ही निवड केलीत तर प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावर ते सांगतील, आणि ते वाईट.

आता लेखात परिच्छेद कसा यावा, त्याचा एक नमुना देतो. रिकाम्या जागी तुमचे आकडे भरा : 'गुगल स्कॉलरवर अमुक तारखेस सरांच्या सात इंग्रजी लेखांना ६५ सायटेशन होती आणि एच-इंडेक्स ३ होता. त्यांची पाच पुस्तके व सत्तावीस लेख मराठीत असून त्यांचे उल्लेख या मोजणीत येत नाहीत. आम्ही शिवाजी व सोलापूर विद्यापीठांचे इतके प्रबंध हाताने तपासले. इतक्या प्रबंधांच्या सूचीत सरांचे लेखन आढळले, त्यांपैकी इतक्यांत त्यांची माहिती वापरली आहे आणि इतक्यांत त्यांच्या मांडणीशी वाद किंवा संवाद आहे. सरांनी स्वतः मार्गदर्शन केलेले प्रबंध यातून वगळले आहेत.' हे शेवटचं वाक्य विसरू नका. मार्गदर्शकाचं नाव सूचीत घालायला विद्यार्थ्याला कुणी सांगावं लागत नाही. तारीखही हवीच, कारण हा आकडा रोज हलतो. आणि रसायनाचे सहकारी विचारतील की 'वाद' कुणी ठरवला, तर उतारे परिशिष्टात आहेत म्हणून सांगा.

जाता जाता गौरवग्रंथाबद्दल. आपले गौरवग्रंथ म्हणजे लेखांची समाधी असते. तीनशे प्रती, निम्म्या सत्कारात वाटल्या जातात, उरलेल्या कुणाच्या तरी माळ्यावर. तुमच्याने होईल तर मजकूर युनिकोडमध्येच जुळवून घ्या, डीटीपीवाला श्रीलिपीचा आग्रह धरेल तरी. प्रत्येक लेखाला चार ओळींचा इंग्रजी सारांश द्या, संदर्भसूचीत मराठी नावांच्या खाली रोमन लिपीतलं रूपही द्या, आयएसबीएन घ्या, आणि वर्षभराने प्रत्येक लेखाची वेगळी पीडीएफ महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवा. सरांच्या न मिळणाऱ्या पुस्तकाचे हक्क त्यांच्याकडेच असतील तर तेही स्कॅन करून सोबत ठेवा. या ग्रंथातले लेख सरांना उद्धृत करतीलच, पण ते तुमच्या मोजणीत धरू नका.

काम सुरू करण्याआधी एका रविवारी सरांच्या घरी जा आणि त्यांची स्वतःची यादी मागा, हाताने लिहिलेली, असेल तशी. त्या पिढीचे लोक एका जाड फायलीत लेखांची कात्रणं आणि लोकांची पत्रं ठेवतात. 'तुमचा लेख वाचला, पण अमुक मुद्दा पटला नाही' असं एखादं पोस्टकार्ड निघालं, तर त्याचा फोटो काढून घ्या आणि मला नक्की कळवा. अशा पोस्टकार्डाला कुठल्या खान्यात घालायचं, हे मला एकतीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.